सहाशे अकरा इशारे

तिने प्रोग्रामच्या बांधणीच्या फाइलमधून -w खोडलं, त्या जागी -Wall -Wextra लिहिलं आणि एंटर दाबलं. पडदा भराभर वर सरकू लागला. थांबला तेव्हा खाली आकडा होता : सहाशे अकरा इशारे.

"सहाशे अकरा!" तिने कपाळावर हात मारला.

रुग्णाला थेंबाथेंबाने औषध देणाऱ्या पंपाचा हा प्रोग्राम. लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर; लिहिण्यात चुकलं की तो बांधणीच थांबवतो. नुसती शंका आली तर इशारा देऊन पुढे जातो. -Wall -Wextra म्हणजे त्याला सांगणं, असेल ती शंका बोल; -w म्हणजे, शंका आली तरी तोंड उघडू नकोस. आणि सात वर्षं तो बिचारा गप्प होता.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "हे काय आरंभलंयस? चार वाजता प्रोग्राम पाठवायचाय."

"इशारे बघतेय, सर."

"ते मीच बंद केलेत. सात वर्षांत काही बिघडलं का? उगाच डोक्याला ताप."

ताप तर होताच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने चाळीस पाहिले. बहुतेक फुसके : न वापरलेली नावं, विसरलेले कंस. साहेबांचंच खरं निघणार की काय, या विचाराने ती आणखी चिडली. तेवढ्यात आत्याचा फोन आला. आत्या इस्पितळात नर्स.

"तुमचा पंप म्हणजे नुसती कटकट आहे गं. थेंब जरा मंदावला की कोकलतो. दिवसातून पन्नासदा! शेवटी आम्ही त्याच्या भोंग्यावर चिकटपट्टी लावली."

"आत्या! अगं, भोंगा कशासाठी असतो?"

"रोज मरे त्याला कोण रडे? परवा मात्र तीन नंबरच्या खाटेवरच्या बाईंचं औषध खरंच संपलं. पंप ओरडला असेल, पट्टीखाली. त्या बाईंच्या मुलीचं लक्ष गेलं म्हणून वाचल्या."

तिचा घास हातातच राहिला. आत्यावर ओरडावंसं वाटलं, पण तिने फोन ठेवला. डबा तसाच ठेवून तिने इशाऱ्यांमध्ये थेंब मोजणारी फाइल शोधली.

तीनशे अठ्ठ्याऐंशीवा इशारा. उणे होऊ शकणाऱ्या आकड्याची तुलना उणे न होणाऱ्या आकड्याशी. म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक थेंब कमी पडला, की फरक उणे एक; पण तुलनेत उणे चिन्ह हरवून त्याचे चारशे कोटींच्या वर व्हायचे आणि भोंगा वाजायचा. कंपायलर हे पहिल्या दिवसापासून सांगायला बघत होता.

तिने ती ओळ दुरुस्त केली, टेबलावरच्या पंपात प्रोग्राम भरला आणि नळी किंचित दाबली. पंप शांत राहिला. नळी पूर्ण बंद केली, तेव्हाच वाजला.

पावणेचारला साहेब आले. तिने इशारा दाखवला, पंप दाखवला. त्यांनी स्वतः दोनदा नळी दाबून पाहिली.

"वा! शाबास," ते मनापासून म्हणाले. "सापडली ना चूक? मग आता ते -w परत टाक आणि पाठवून दे."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. तिने फोन लावला.

"आत्या, एक मिनिट आहे का? आमच्या साहेबांना तेवढं तीन नंबरच्या खाटेचं सांग."

आणि तिने फोन साहेबांच्या हातात दिला.