मायक्रोस्कोपचं गाऱ्हाणं

खंडेनवमीच्या सकाळी मला एका जागी बसवत नव्हतं. कणकवलीच्या आमच्या कॉलेजात नवा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला होता. तो चालवायची जबाबदारी माझी, आणि प्राचार्य विनीता मॅडमना त्याची पूजा हवी होती. मी बजावलं होतं: अगरबत्ती नाही, नारळ अंगणात फोडायचा, पाण्याचा थेंब आत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी धास्ती मात्र निराळीच होती.

गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मोठ्याने मागणं मागायला, मॅडमनी माझ्याच बाबांना बोलावलं होतं. मसुऱ्याला आमच्या देवळात गाऱ्हाण्याचा मान बाबांचा. आणि उन्हाळ्यात बाबांच्या छातीत पेसमेकर बसला होता. गावात आम्ही सांगितलं, बाबा गोव्याला बहिणीकडे गेले होते. दुखणाईत माणसाच्या हातात देवाचा नारळ कोण ठेवणार? मान चुलतभावाकडे, गुरुदासकाकांकडे गेला असता. इकडे माझ्या यंत्रात सगळा कारभार चुंबकांचा. पेसमेकरवाल्याने खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा पहिला नियम. हृदयाचा ठोका बिघडू शकतो. यंत्र तासभर बंद ठेवलं तरी त्याच्या निर्वात पंपातले कायमचे चुंबक काही झोपत नाहीत.

"दारातच रवतलंय गो," बाबांनी फोनवर आत न येण्याचा शब्द दिला होता. "पण तू कोणाक बोलू नको."

बाबा आणि गुरुदासकाका एकाच गाडीतून उतरले. मी दाराला टेकून पहारा देत उभी राहिले.

"जयरामकाका, बाहेर का? आत या, यंत्रासमोर उभे राहा," मॅडम म्हणाल्या.

बाबा घुटमळले. गुरुदासकाकांनी ते बरोबर टिपलं. "काय रे जयराम, भियालंस?"

झालं. मानाचा प्रश्न आला की आमच्या घरातली माणसं विहिरीतसुद्धा उडी टाकतील. बाबा नारळ घेऊन उंबरठ्याकडे निघाले. मी हात आडवा घातला.

"बाबानू, आत नको."

"हात काढ."

"मॅडम, आत गर्दी चालत नाही," मी काहीतरी पुटपुटले.

"अगं, मग एकट्यांनाच जाऊ दे," मॅडम हसून म्हणाल्या. मला माझ्याच अकलेचा संताप आला. बाबांनी माझा हात बाजूला सारला.

"यांच्या छातीत पेसमेकर आहे," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं.

बाबांनी मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी नारळ गुरुदासकाकांच्या हातात दिला. "जा, तू घाल."

इतकी वर्षं ज्या मानावर डोळा होता तो असा अचानक हातात आल्यावर काकांची बोबडीच वळली. आत जाऊन त्यांनी कसंबसं "बा देवा म्हाराजा" म्हटलं, यंत्राला यश दे म्हणाले आणि थांबले. गाऱ्हाण्यात दर मागण्याला मागच्यांनी होकार भरायचा असतो. आम्ही कॉलेजवाले ढिम्म उभे. होकाराशिवाय काकांना पुढे सरकता येईना.

"व्हय म्हाराजा," दाराबाहेरून बाबा म्हणाले.

जन्मभर ज्यांनी गाऱ्हाणं घातलं, त्यांच्या तोंडून होकार मी पहिल्यांदाच ऐकत होते. काकांना धीर आला. "ही नीरजा, तुझा लेकरू, ह्या यंत्रावर काम करता. तिका सांभाळ, तिच्या हाताक यश दी."

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले, या वेळी माझ्याकडे बघत.