पहिल्या प्लेटची कढई

मित्रांनो, माझ्या पोटात आज तेल नाही. लॉनमोव्हरचे स्क्रू आहेत, एक तुटकी जंडल, म्हणजे रबरी चप्पल आहे आणि कोळ्याचं जाळं आहे. ऑकलंडच्या ओटाहुहू भागातल्या एका गराजच्या कोपऱ्यात पडलेली मी म्हातारी लोखंडी कढई.

माझा जन्म ग्रीसमधल्या एका लोहाराच्या भट्टीपाशी झाला. एलेनी नावाच्या नव्या नवरीने मला पेटीत घालून बोटीने ऑकलंडला आणलं. चाळीस वर्षं दर शनिवारी बाजारात तिने माझ्यात लुकुमादेस तळले. सैलसर आंबवलेलं पीठ डाव्या मुठीतून पिळायचं, ओल्या चमच्याने गोळा तेलात सोडायचा, लालसर फुगला की मधात बुडवून वर दालचिनी आणि अक्रोड. पाठीवर सॅक घेतलेले प्रवासी वास काढत यायचे. दिवसाची पहिली प्लेट एलेनी पहिल्या वाटसरूच्या हातात फुकट द्यायची, तीही चटका बसेल इतकी गरम.

शिवाजी तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. पुण्याचा इंजिनिअर, पण ईस्ट टामाकीच्या गोदामात खोकी भरायचा. तो तिला याया म्हणायचा, म्हणजे आजी. २००४ साली तिचे गुडघे गेले, तेव्हा तिने मला त्याच्या हवाली केलं.

"पहिली प्लेट वाटसरूची. गार होऊ द्यायची नाही. वचन दे."

"दिलं, याया."

मित्रांनो, माणूस खरंच भला होता. दर शनिवारी बाजारात तिच्याच जागी गाडा लावायचा, मला लेकीसारखं पुसायचा. गाड्यावर कीर्तनाची कॅसेट लावून पीठ फेटायचा, बुवांच्या झांजेबरोबर त्याचा चमचा चालायचा. पण पहिलं ताट देवाचं, हे त्याच्या हाडामांसात होतं. तो पहिली प्लेट विठ्ठलाच्या तसबिरीपुढे ठेवायचा, कुंडीतल्या तुळशीचं पान घालायचा, आणि कॅसेटमधली आरती संपेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. मग ती गार प्लेट वाटसरूला. वचन पाळलं, असं त्याला मनापासून वाटे.

२००७ सालच्या एका शनिवारी नातू निकोस एलेनीला व्हीलचेअरवरून घेऊन आला. एलेनी तेव्हा हॉस्पिटलात होती, आणि तिच्या वॉर्डात शिवाजीची बायको विनया नर्स होती. तीही सोबत होती.

"पेदी मू," एलेनी म्हणाली. ती त्याला बाळा म्हणायची. "आज मी वाटसरू. दे माझी प्लेट."

शिवाजीचे डोळे भरून आले. प्लेट तयार होती, वाफाळत. "याया, दोनच मिनिटं. नैवेद्य होऊ दे."

"अहो, तासाभराचीच सुट्टी मिळालीय तिला," विनया हळूच म्हणाली. "त्यातली चाळीस मिनिटं ट्रॅफिकमध्येच गेली."

"देवाच्या आधी कसं देऊ गं? आरतीच तर राहिलीय."

कॅसेटमध्ये बुवा रंगात आले होते. देव भुकेला होऊन दाराशी आला आणि घरातली माणसं पूजेत गुंतली, असं आख्यान चाललं होतं. शिवाजी डोळे मिटून हात जोडून ऐकत होता. मी तापलेली होते, मला तोंड नव्हतं. निकोसने दोनदा घड्याळ पाहिलं, खुर्ची वळवली. एलेनीने जाताना माझ्या कडेवर बोट टेकवलं. भाजलं असणार. ती हसली.

आरती संपली. शिवाजी प्लेट घेऊन पार्किंगपर्यंत धावला. गाडी गेलेली होती.

बुधवारी विनयाने वॉर्डातून फोन केला, याया गेली. तो गोदामात खोक्यावर बसून राहिला.

ती प्लेट शनिवारी कुणीच खाल्ली नव्हती. माणसानेही नाही, देवानेही नाही. सीगल पक्ष्यांनी मध तेवढा टिपला.

पुढच्या शनिवारी त्याने मला गराजमध्ये ठेवलं. कॅसेट अजून लावतो. ते आख्यान आलं की टेप पुढे पळवतो.

मित्रांनो, माझा गंज विटकरीने घासला तर निघेल, तेल लावलं तर मी पुन्हा तापेन. मला एकदा बाहेर काढायला त्याला कुणीतरी सांगा. रस्त्यावर अजून सॅकवाले येतात, भुकेले असतात. त्यांच्या हातात प्लेट गरम असतानाच द्या. विठ्ठल थांबेल. तो उभाच आहे.