एका चुलीचा धूर

सकाळपासून आमचे मालक, सर अँब्रोज, खिडकीपाशी येरझाऱ्या घालतायत. “कारभारी, जेबेझच्या धुराड्यातून धूर निघतोय ना?” तिसऱ्यांदा विचारलं. डोकं फिरायची पाळी!

आमच्या गावचा नियम जुना आहे: गावात ज्याची चूल पेटते, त्यालाच मत. चाळीस चुली होत्या, आणि वीस वर्षं त्यांनीच मालकांना पार्लमेंटात पाठवलं. पण मालकांना खिडकीतून तळं बघायचं होतं. एकोणचाळीस घरं पाडली आणि माणसं शिवेबाहेर, टेकडीपलीकडे हलवली. “मतांचं काय?” म्हणून मी कानीकपाळी ओरडलो. “निवडणुकीला अजून पाच वर्षं आहेत,” म्हणाले. काल पार्लमेंट बरखास्त झालं.

हटून बसलेला जेबेझ मोची तेवढा उरलाय.

दुपारी धूर थांबला. मालक स्वतः लाकडाची मोळी उचलून चिखलातून धावले, मी मागोमाग.

“अरे जेबेझ, चूल विझली तर मत जाईल की रे!”

जेबेझने बुटाला टाका घालता घालता कोपरा दाखवला. “ठेवा तिथं. मत देणार की, मालक. चारचौघांत ओरडून नाव सांगायचं असतं ना? टेकडीपलीकडचे एकोणचाळीस शेजारी मुद्दाम ऐकायला येणार आहेत.”