ब्रेकवर दोन बोटं

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं लोक म्हणतात. आमच्या घरी उलटा कारभार. आमचा दहावा ग्रह म्हणजे माझे सासरे, आणि तो दर रविवारी सकाळी मोटरसायकलवर बसून माझ्या वर्कशॉपच्या दारात उगवतो. बाकीचे सासरे जावयाला अहो-जाहो करतात. मामा मला सरळ अरे-तुरे करतात, कारण जावई व्हायच्या आधी मी त्यांचा विद्यार्थी होतो, आणि तोही दोनदा नापास झालेला.

मामांनी जन्मभर लोकांना मोटरसायकल शिकवली. त्यांचा मंत्र एकच. उजव्या हाताची दोन बोटं कायम पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर. रस्ता रिकामा असो नाहीतर गाडी चालण्याच्या वेगाने जात असो, दोन बोटं तिथंच. बोटं हटली की मागच्या सीटवरून हेल्मेटवर टपली बसलीच म्हणून समजा. नापास करायची पद्धतही त्यांची स्वतःची. ओरडायचे नाहीत, चुका सांगायचे नाहीत. गाडी कडेला घ्यायला लावायचे, उतरायचे आणि नुसता हात पुढे करायचे. म्हणजे चावी दे. त्या पसरलेल्या हाताची मला अजून धास्ती आहे. पहिल्या फटक्यात पास झालेली मला ठाऊक असलेली एकच व्यक्ती म्हणजे त्यांची मुलगी, माझी बायको, आणि ती हे मला विसरू देत नाही.

तर या मामांनी एका सकाळी एक खोकं माझ्या टेबलावर आदळलं. "हे लाव."

आत क्रूझ कंट्रोलचा संच होता. वेग ठरवून बटण दाबलं की मूठ पिळून धरायची गरज नाही, गाडी आपली त्याच वेगाने चालत राहते. नव्या महागड्या गाड्यांना ते आतूनच येतं. मामांच्या जुनाट गाडीला बाहेरून बसवायचं म्हणजे म्हातारीला उंच टाचेच्या चपला घालायच्या.

"मामा, ही थेरं कशाला आता?"

"अक्काकडे जाताना मनगट धरतं. मूठ सोडायला उशीर होतो. मागच्या वेळी सिग्नलला..." ते मध्येच थांबले. "तू लाव रे. नसत्या चौकशा कशाला?"

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. हायवेने गेलं तर दोन तासांवर एकटी राहते, आणि आता तिला डोळ्यांनी दिसत नाही. मामा दर रविवारी जाऊन तिला आठवड्याभराची वर्तमानपत्रं वाचून दाखवतात. बसने जा म्हटलं की म्हणतात, "बसमध्ये मी सामान असतो."

त्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, "नीट लाव हं ते. हे नाही जमलं तर गाडी विकून टाकीन म्हणत होते. आणि त्यांची गाडी बंद पडली ना, तर बाबाच बंद पडतील."

मी लावलं. आणि ते चालेना! मामा स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. ही वायर इकडून का घेतलीस, तो क्लिप ढिला वाटतो, तुमच्या पिढीला घाईच फार. या यंत्रात सुरक्षेची एक सोय असते. ब्रेकच्या दिव्याला जाणाऱ्या वायरवर त्याचं लक्ष असतं. दिवा लागला, म्हणजे चालवणाऱ्याने ब्रेक दाबला, की क्रूझने तत्क्षणी गाडी सोडून द्यायची. घोळ तिथंच होता. मागे मीच हौसेने तिथं एलईडी बसवला होता आणि नव्या यंत्राला तो मानवत नव्हता. जुना साधा बल्ब परत लावला आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागली. मी कॉलर ताठ केली.

पुढच्या रविवारी मामा परत. "सुटतं."

"काय सुटतं?"

"क्रूझ. बटण दाबलं की धरतं, जरा पुढे गेलं की सुटतं. परत दाबा, परत सुटतं. कच्चं काम आहे तुझं."

मी चाकावरचं चुंबक आणि त्याच्यासमोरचा, वेग मोजणारा सेन्सर तपासला. अर्थिंग उघडून घासलं. प्रत्येक जोड हलवून पाहिला. केबल मोकळी केली, शेवटी अख्खी कंट्रोलची पेटी बदलली. दर वेळी मी स्वतः हायवेला लांबवर चक्कर मारून यायचो. माझ्या हातात गरीब गाय! आणि मामांच्या हातात गेली की हिची नाटकं सुरू. माझं डोकं फिरलं. बायकोला म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. तुझ्या बाबांना बटणच कळत नाही."

"गंमत बघ," ती म्हणाली, "बाबा तुझ्याबद्दल अगदी हेच म्हणाले."

मग तोडगा तिनेच काढला. रविवारी मामा अक्काकडे निघाले की ती स्कूटर घेऊन त्यांच्या मागोमाग येणार, मी तिच्या मागे बसून फक्त बघत राहणार.

निघालो. हायवेला लागल्यावर मामांनी वेग धरला आणि बटण दाबलं. मी मान वाकडी करून त्यांची गाडी न्याहाळत होतो. थोडा वेळ काही नाही. मग मागचा लाल दिवा मिणमिणला. लागला, विझला, लागला, विझला. क्रूझ सुटलं, गाडी मंदावली, मामांनी मूठ पिळली. दिवा गप्प. परत बटण दाबलं, परत थोड्या वेळाने दिव्याची तीच फडफड. मला आनंदच झाला. सापडला चोर! ब्रेकचा स्विच ढिला झालाय, रस्त्याच्या धक्क्यांनी लागतोय.

"जरा बाजूला घे," मी बायकोला म्हटलं. "त्यांच्या बरोबरीने चल."

ती बरोबरीला आली. रस्ता गुळगुळीत होता. मामांनी पुन्हा बटण दाबलं आणि मूठ सैल सोडली. हात नुसता हँडलवर टेकलेला, दोन बोटं लिव्हरवर. आणि ती बोटं थरथरायला लागली. मूठ धरली की स्थिर, सोडली की थरथर. लिव्हर ब्रेक लागण्याइतकी दाबली जात नव्हती, पण स्विचला तेवढं पुरत होतं. बायकोनेही बघितलं असावं, कारण स्कूटर जराशी डगमगली.

मी हाताने खूण करून त्यांना कडेला घ्यायला लावलं. मामा उतरले, हेल्मेट काढलं. "बघितलंस? म्हटलं नव्हतं मी? आता वायरिंग कर नीट."

"मामा, वायरिंग ठीक आहे. ब्रेकचा दिवा लागतोय. तुमच्या बोटांनी."

"मी ब्रेक दाबत नाही."

"दाबत नाही तुम्ही. बोटं थरथरताहेत."

त्यांनी हेल्मेट सीटवर ठेवलं आणि उजवा हात समोर धरून बघितला. बराच वेळ बघितला. एखाद्या विद्यार्थ्याकडे बघायचे तसे.

"कपाला थरथरतो," ते म्हणाले. "पेपरला थरथरतो. अक्का विचारते, पंखा लावलायस का, पान फडफडतंय. डॉक्टरांनी नाव सांगितलंय, गोळ्या दिल्यात. पण गाडीवर नाही रे कधी. हँडल धरलं की गप्प बसायचा. एवढी एकच जागा होती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हिला बोलू नकोस."

"मला ऐकू येतंय, बाबा," स्कूटरवरून बायको म्हणाली. तिने हेल्मेटची काच वर केली नव्हती.

मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. ज्या मुठीला धरून त्यांचा हात शांत राहत होता, ती मूठच मी त्यांना सोडायला लावली होती.

"एक काम कर," मामा एकदम म्हणाले. "स्विच मागे सरकव. लिव्हर चांगली दाबल्याशिवाय दिवाच लागायला नको. होतं ना तसं?"

होतं. एक स्क्रू फिरवायचा असतो, आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात होता. खोटं कशाला बोलू, माझा हात खिशापर्यंत गेला. अक्काची वर्तमानपत्रं मला मागच्या कॅरियरवर बांधलेली दिसत होती.

"मग तुम्ही ब्रेक लावायला घ्याल आणि क्रूझ गाडी पुढेच ओढत राहील, मामा. नाही करणार मी."

"मग काढून टाक सगळं. मी मूठ धरीन, पहिल्यासारखा."

"आणि सोडायला उशीर झाला तर?"

बायकोने विचारलं, "बाबा, सिग्नलला काय झालं होतं?"

"एक बाई होती," ते म्हणाले. "कडेवर लेकरू होतं. वाचली."

शेजारून एक ट्रक धूळ उडवत गेला. मामा माझ्याकडे बघत उभे राहिले. ते कशाची वाट बघताहेत ते मला कळलं, आणि कळूनही मी चाकाकडे बघत राहिलो.

"काय बघतोस? इतक्यांना नापास करताना बघितलंस ना मला? हात पुढे कर."

"मामा, मला नाही जमणार."

"दोनदा नापास झालास, तिसऱ्यांदा होऊ नकोस. कर पुढे."

मी हात पुढे केला. त्यांनी चावी काढली. माझ्या तळहातावर टेकेपर्यंत ती कडीत खुळखुळत होती. मग खुळखुळ थांबली.

"चल," ते म्हणाले. "अक्का वाट बघत असेल." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ते मागच्या सीटवर जाऊन बसले. त्या गाडीवर मागे बसून ते दुसऱ्यांना शिकवायचे. आज पहिल्यांदा ते नुसते बसले होते. बायको स्कूटर वळवून घरी जाणार होती, पण आरशात बघितलं तर ती आमच्या मागेच येत होती.

हायवेला लागलो आणि हेल्मेटवर टपली बसली.

"दोन बोटं!"

मी बोटं लिव्हरवर ठेवली, वेग धरला, बटण दाबलं. अक्काच्या दारापर्यंत क्रूझ एकदाही सुटलं नाही. आईशप्पथ, आपलं काम फसावं असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. मामांनी उजव्या हाताने माझं जॅकेट मुठीत घट्ट धरलं होतं. तो हातही दारापर्यंत जराही हलला नाही.