तीन टर्मिनल आणि एक नणंद

अपघातानंतर माझ्या डाव्या हाताची बोटं नीट मिटेनात. मी शहराच्या पाणीपुरवठ्याचे पंप संगणकावरून सांभाळते. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर दिवसभर आज्ञा द्यायच्या, हेच काम. कंट्रोल दाबून धरून दुसरं बटण दाबायचं म्हटलं की कळ थेट खांद्यापर्यंत जायची. राजीनामा लिहून ठेवलाय, हे फक्त नणंदेला ठाऊक होतं.

ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान, सर्व्हरच्या कामात मुरलेली. रविवारी सकाळी येऊन समोर बसली. "वहिनी, कोणती कळ दाबलीस की कोणती कळ येते, तेवढं सांग."

कित्येक दिवसांनी मला हसू फुटलं.

एका बोटाने दाबता येतील असे पाच शॉर्टकट तिने घरच्या लॅपटॉपवर बसवून दिले. सोमवारी ऑफिसात तीच बटणं दाबली, तर एका बटणाने पडद्यावर नुसते कंस आणि आकडे उमटवले. पंपघरातल्या मशीनवर दुसऱ्या बटणाने भलतंच मदतीचं पान उघडलं. मी तिला फोन लावला. "राहू दे गं. माझ्या नशिबातच नाही."

"नशीब कसलं डोंबलाचं! तीन मशीन, तीन वेगळी टर्मिनल. बटण तेच, पण प्रत्येक टर्मिनल आत निरोप वेगळाच देतंय. थांब, येते मी."

ती रजा टाकून आली. आमच्या साहेबांना विचारून तिन्ही मशीनवर एकेक बटण दाबलं, आत काय पोचतं ते वहीत उतरवलं. जी बटणं टर्मिनल स्वतःच गिळत होतं, पुढे पोचूच देत नव्हतं, ती खोडली. तिन्हीकडे सारखाच निरोप देणारी चार सापडली. पाचव्यासाठी तिने प्रत्येक टर्मिनलच्या सेटिंगमध्ये एकच निरोप ठरवून दिला. मग मला खुर्चीत बसवून प्रत्येक बटण वीस-वीस वेळा दाबायला लावलं.

"चुकायचं तर आत्ता चुकू दे, माझ्यासमोर."

एकदाही चुकलं नाही. राजीनामा मी त्याच दुपारी फाडला.

गुरुवारी टेकडीवरचा पंप अडकला. उजव्या हाताच्या एका बोटाने मी तो बंद केला, शेजारचा चालू केला. बाजूच्या सहकाऱ्याला वाटलं, मी नुसतीच बसलेय!

संध्याकाळी नणंदेला फोन केला, पंपाचं सांगितलं आणि आभार मानायला लागले.

"वहिनी, जेवलीस का?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"मग जेव आधी. मी कुठे पळून चाललेय?"