इमानी म्हणू नका मला

मी एक म्हातारी बदकीण आहे. माझ्या डाव्या पायावर दोरीचा काळा वळ आहे, उजव्या पंखाची पिसं छाटलेली आहेत, आणि आमच्या गावात माझ्या इमानाचे गोडवे गायले जातात. मित्रांनो, यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी साफ खोटी आहे. तेवढंच सांगण्यासाठी आज मी चोच उघडली आहे.

माझा जन्म इराणातल्या गिलानचा. कास्पियन समुद्राला लागून जे बोरूनं भरलेलं उथळ पाणी पसरलं आहे, त्याला आमच्याकडे मुरदाब म्हणतात. बोरू कापता कापता तूबा नावाच्या बाईला एक घरटं सापडलं. त्यातलं एक अंडं तिनं ओढणीत गुंडाळून घरी आणलं आणि खुडूक कोंबडीखाली सरकवलं. त्या अंड्यातून मी निघाले. मी पहिल्यांदा पाण्यात शिरले तेव्हा माझी कोंबडी आई काठावर ऊर बडवत राहिली. तूबा मला भाताची कणी घालायची आणि येता-जाता पाठीवरून हात फिरवायची. बालपण सुखाचं गेलं, ते मी नाकारत नाही.

तूबाचा नवरा किऊमर्स. यानं तूबाची माहेराहून आलेली गाय विकून दुनळी बंदूक आणली होती. ती पुसताना तो जेवढा हळुवार होई तेवढा पोरांना खेळवतानाही होत नसे. तूबा चहा ओतता ओतता म्हणायची, "गाय सकाळ-संध्याकाळ दूध द्यायची. ही तुझी नवी गाय नुसता धूर देते."

एकदा मला भूक लागली म्हणून मी अंगणात मोठ्यानं ओरडले, आणि वरून चाललेला रानबदकांचा थवा वळून खाली आला. चहाबरोबर चघळायला किऊमर्सनं तोंडात धरलेला साखरेचा खडा तोंडातच राहिला. त्या दिवसापासून माझं नाव बुलबुल झालं आणि माझा पाय दोरीत गेला.

मग हिवाळ्यामागून हिवाळे तेच काम. पहाटे होडीत बसायचं, बोरूच्या बेटापाशी त्यानं रोवलेल्या खुंट्याला बांधून घ्यायचं, आणि होडीतून दोरीला हिसका बसला की ओरडायचं. उत्तरेकडून दमून आलेली पाखरं माझा आवाज ऐकून समजत, इथं खायला आहे, इथं भीती नाही. ती उतरत, आणि बार होई. सगळा गाव म्हणे, "किऊमर्सच्या बुलबुलचा गळा म्हणजे सोनं!" त्या कौतुकानं मला काय वाटत असेल, हे कुणी विचारलं नाही.

एका हिवाळ्यात एक नर माझ्या हाकेला आला. हिरव्यागार मानेचा, जरा उशिरा समजणारा, पण मनानं मोठा. किऊमर्स तेव्हा डबा उघडून बसला होता म्हणून तो वाचला. पुढं तो रोज यायचा. माझ्या खुंट्याभोवती पोहायचा, शेवाळाचा कोवळा तुकडा माझ्यापुढं ढकलायचा. मी आवाज दाबून ठेवायला शिकले होते, पण दोरीचा हिसका हाडापर्यंत जातो. एका सकाळी मी ओरडले आणि तो आला. संध्याकाळी अक्रोड आणि डाळिंबाच्या रसात तो शिजला. किऊमर्सनं बोटं चाटली. त्याची पिसं उशीत भरली गेली आणि त्या उशीवर किऊमर्स घोरू लागला.

त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाचा हिशेब मी चुकता करणार. कसा, ते माहीत नव्हतं. बदकाकडं असतं काय? चोच चपटी, नख्या बोथट. पण मुरदाबाचा चिखल मला माहीत होता. रोज मान खाली घालून मी तो चाळत होते. वरून तो ताकासारखा पातळ दिसतो. हातभर खाली गेलं की तो पाय धरतो आणि सोडत नाही. मी वाट पाहू लागले.

तूबालाही तो चिखल माहीत होता, कारण तिचं माहेर बोरू कापणाऱ्यांचं. रोज पहाटे ती नवऱ्याला तेच ऐकवायची. "होडी सोडायची नाही. उतरलासच तर होडीची दोरी कमरेला बांध. रुतलास तर धडपडू नकोस, आडवा पड. आणि कोरडे कपडे डब्यात घालून ने."

"तुझा बाप बोरू कापायचा, मी शिकारी आहे," किऊमर्स हसून म्हणायचा.

"चिखल विचारून घेत नाही, कोण कापणारा नि कोण शिकारी!"

मी खुराड्यातून ऐकायची आणि मनात म्हणायची, ऐकू नकोस रे बाबा, अजिबात ऐकू नकोस.

आणि तो दिवस उजाडला. थंडी अशी की खुंट्याला बर्फाची साय धरली होती. धुकं एवढं दाट, की हाक ऐकू यावी पण माणूस दिसू नये. थवा एकाएकी डोक्यावर आला. किऊमर्सनं घाईत बार काढला. एक पाखरू बोरूपाशी पडून फडफडू लागलं.

"अरे देवा, बिस्मिल्ला म्हणायचं राहिलं!" तो कपाळावर हात मारून ओरडला.

आमच्याकडे देवाचं नाव घेऊन गोळी झाडली तर पाखरू जागीच मेलं तरी खायला चालतं. नाव राहून गेलं, तर ते जिवंत असतानाच त्याच्या मानेवर सुरी फिरवावी लागते, नाहीतर ते मुरदार, कुत्र्याला घालायचं. शिकार वाया जाऊ नये म्हणून किऊमर्सनं एका हातात बंदूक आणि दातात सुरी धरून होडीतून उडी मारली. त्या धक्क्यानं होडी मागं सरकली आणि धुक्यात गेली. तिची दोरी कमरेला नव्हती, हे सांगायला नकोच.

चार पावलं टाकली असतील. पाचवं टाकता आलं नाही. पाणी छातीपर्यंत, चिखल मांड्यांपर्यंत. थंड पाण्यानं त्याचा श्वास तुटला. तो मासोळीसारखा तोंड उघडू-मिटू लागला आणि सुरी तिथंच पडली. श्वास सावरेपर्यंत स्वस्थ राहायचं असतं, पण यानं धडपड केली. एक पाय उपसायला दुसऱ्यावर जोर दिला, तो आणखी खाली गेला. आणि मित्रांनो, या सगळ्यात त्याचे दोन्ही हात वर होते. कशासाठी? बंदूक भिजू नये म्हणून! जीव चालला होता आणि हा दुनळी डोक्यावर धरून उभा होता. मी इतकी खूश कधीच झाले नव्हते.

त्यानं हाका मारल्या. धुक्यात माणसाची हाक सगळीकडून आल्यासारखी वाटते. मग त्याचा आवाज बसला, दातखीळ बसू लागली. तेवढ्यात लांबून तूबाचा आवाज आला. रिकामी होडी वाहत काठाला लागली होती आणि तीच घेऊन ती निघाली होती.

"किऊमर्स! कुठायस? ओ दे!"

याच्या तोंडून नुसती फुंकर निघाली. मग त्याला माझी आठवण झाली. माझा आवाज धुकं कापत जातो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? होडीतून निसटून पाण्यावर तरंगणारी माझी दोरी एका हातानं धरून त्यानं हिसका दिला. "बुलबुल, बोल. बोल गं माझी राणी."

राणी! मी चोच मिटून घेतली. त्यानं पुन्हा ओढलं. पायाची साल निघाली, रक्त आलं. मी गप्प. तूबाचा आवाज भलतीकडेच जाऊ लागला. तूबासाठी मला वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण तिच्या दुःखापेक्षा माझा राग जुना होता. मी हिरव्या मानेची आठवण काढली आणि चोच आणखी घट्ट मिटली.

"आडवा पड रे!" तूबा कुठंतरी रडत ओरडत होती. "बंदूक आडवी घाल नि छाती टाक तिच्यावर! जाऊ दे ती बंदूक! बुटातनं पाय काढ! बोरूची मुळं धर!"

किऊमर्सनं बंदुकीकडं पाहिलं. त्याचे ओठ निळे झाले होते आणि डोळ्यांवर झोप येऊ लागली होती. ती थंडीची झोप. तिच्यातून उठवायला कुणी लागतं. मला वाटलं, झालं काम. पण त्यानं हात खाली आणले. दुनळी पाण्यावर आडवी धरली, तिच्यावर छाती टाकली, आणि हळूहळू, बेडकासारखा, एक पाय बुटातून सोडवला. मग दुसरा. बूट चिखलात राहिले. ओणव्यानंच तो बोरूकडं सरपटला आणि त्यानं मुळांना मिठी मारली. त्याच्या भारानं बंदूक चिखलात गेली. आधी दस्ता, मग दोन्ही नळ्या. दोन बुडबुडे आले आणि पाणी सपाट झालं.

मला राहवलं नाही. माझ्या नराला मारणारी ती नळी गिळली गेली होती! मी पंख पसरले आणि जन्मात ओरडले नव्हते अशी ओरडले. ती विजयाची आरोळी होती. पुन्हा ओरडले, पुन्हा. आणि मग उशिरानं माझ्या ध्यानात आलं, की मी काय करून बसले.

माझ्या आवाजाचा माग काढत होडी सरळ आमच्याकडं आली. तूबानं वल्हं पुढं केलं, नवऱ्याला पोटावर ओढून आत घेतलं. भिजले कपडे काढून तिनं त्याला घोंगडीत गुंडाळलं, स्वतःच्या अंगाशी धरलं. घरी पोचल्यावर शेजारी बरातअली म्हणाला, "शेगडीला चिकटवून बसव, हातपाय खसाखसा चोळ!"

"चोळायचं नाही, शेगडीलाही लावायचं नाही," तूबा म्हणाली. "हळू ऊब येऊ दे. शुद्धीवर आला की गोड चहा, घोट-घोट."

दोन दिवसांनी किऊमर्स उठून बसला. तेव्हा तूबानं विचारलं, "बंदूक?"

"गेली."

तूबा इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

तेव्हापासून मी इमानी. मुक्या जिवानं धन्याला वाचवलं म्हणे! किऊमर्स येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या पायाचा वळ दाखवतो आणि डोळे पुसतो. माझी दोरी सुटली, बंदूक पुन्हा आली नाही, भात रोज मिळतो. पण माझा नर मिळाला नाही. मी कुणालाही माफ केलेलं नाही.

काल बरातअली आला होता. यंदा त्यालाही शिकारीला जायचं आहे, आणि नशीबवान म्हणून त्याला मी हवी आहे. किऊमर्सनं नाही म्हणून मान हलवली, पण बरातअली मागं लागला आणि शेवटी "एक दिवस ने," असं ठरलं. मी त्याचे बूट पाहिले. मांडीपर्यंत उंच, वर दोरीनं करकचून आवळलेले. पाणी भरलं की ते काढता यायचे नाहीत.

म्हणून माझी एक विनंती आहे, मित्रांनो. बरातअली तुम्हाला कुठं भेटला, तर त्याला सांगा: होडी सोडू नकोस. होडीची दोरी कमरेला बांध. बूट असे घाल की झटक्यात निघतील. रुतलास तर आडवा पड आणि हातात जे असेल ते जाऊ दे. एवढं त्याला नक्की सांगा. आणि सांगायचं राहून गेलं, तर मनाला लावून घेऊ नका. या खेपेला मी आनंदानंसुद्धा ओरडणार नाही.