पहिल्या सणाची माणसं

केसरीनाथने भाऊकीच्या ग्रुपवर तीन वेळा लिहिलं होतं, दिवाळीला आमच्याकडे कोणी येऊ नका. तिसऱ्या वेळी हात जोडलेली चित्रंही टाकली. सगळ्यांनी तसेच हात जोडून परत पाठवले, कोणी एका शब्दाने काही विचारलं नाही. त्याला वाटलं, समजलं लोकांना.

समजलं नव्हतं. वळ गावात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरचा पहिला सण, म्हणजे पहिली दिवाळी, नातेवाईक काढतात. घरात गोडधोड होत नाही, म्हणून बाहेरून फराळाचे डबे येतात, माणसं येतात, गळ्यात पडून रडतात. दुखवट्यातलं घर कधी ‘या’ म्हणत नाही, ‘कशाला त्रास घेता’ असंच म्हणतं. तेव्हा तीनदा ‘येऊ नका’ वाचून लोकांनी धरलं ते एवढंच, की केसरीनाथ फार एकटा पडलाय.

पाडव्याच्या सकाळी दोन टेम्पो दारात थांबले. पंचवीस-तीस माणसं उतरली. बायकांनी पदर डोळ्याला लावले होते आणि हातात डबे होते.

वरच्या खोलीत केसरीनाथचा मुलगा मितेश होता, चोवीस वर्षांचा. पाच महिन्यांपूर्वी त्याला आईची किडनी बसवली होती. किडनी देऊन जानकी आठवड्यात घरी आली, महिन्याभराने पुन्हा भाकऱ्या थापायला लागली, आणि श्रावणात वडपे गावाजवळ रस्त्याच्या कडेने चालताना कंटेनरने तिला उडवलं. आता घरात बापलेक दोघंच. अंगाने नवी किडनी नाकारू नये म्हणून मितेशला गोळ्या होत्या, आणि त्याच गोळ्यांनी त्याची आजाराशी लढायची ताकद कमी केली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गर्दी नको, बाहेरचं खाणं नको, साधी सर्दीसुद्धा महागात पडेल.

केसरीनाथ फाटक लावून आडवा उभा राहिला.

“आक्का, आत नको. अंगणातही नको.”

पुढे आनंदीबाई होती, जानकीची थोरली बहीण. तिचं नाक लाल झालं होतं.

“काय बोलता भावोजी? माझ्या बहिणीचा पहिला सण हाय. पोराला एकदा पोटाशी धरते न् जाते.”

“तुम्हाला सर्दी झालीय.”

“रडून झालीय!”

“रडून खोकला येत नाही, आक्का. टेम्पोतून उतरताना तीनदा खोकलात.”

मागून कोणीतरी म्हणालं, “अरे, एवढ्या सर्दीनं काय व्हतंय? हळदीचं दूध दे त्याला.” दुसरी बाई म्हणाली, “आम्ही काय रोग घेऊन आलो काय?” एकीने करंज्यांचा डबा फाटकावरून आत सरकवला. केसरीनाथने तो तसाच उचलून तिच्या हातात परत दिला. दुखवट्याचा डबा परत करणं कोणी पाहिलेलं नव्हतं.

मग त्याचा मोठा भाऊ अनंता पुढे आला. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं आणि ते त्याला माहीत होतं.

“केसरी, फाटक उघड. चार माणसांत शोभा करू नको.”

“दादा, तुम्हीच सांगा ना यांना. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा तुम्ही शेजारीच होता.”

“डॉक्टरचं डॉक्टरला. माणसाला माणूस लागतो.” मग अनंताने आवाज खाली आणला, पण ऐकू सगळ्यांना गेलं. “पोराला एवढा जपतोस. तिला जपली असतीस तर? किडनी काढली, अंगात त्राण उरलं न्हाय, म्हणून तर गाडी चुकवता आली न्हाय तिला.”

तीन महिने हे कानावर येत होतं. बाराव्याला, पाणवठ्यावर, किराणा दुकानात. तोंडावर कोणी बोललं नव्हतं.

“दादा,” केसरीनाथ म्हणाला, “ती चालत होती आणि मागून कंटेनर आला. चार किडन्या असत्या तरी तेच झालं असतं. तेव्हा रस्त्यावर चादर घेऊन मी धावलो. तुमच्यातलं कोणी त्या ड्रायव्हरला दोन शब्द बोललं नाही. कंटेनर ज्या गोडाऊनचा, त्याचे मालक आपल्याच भाऊकीतले ना! आणि आज मला विचारता, जपली का म्हणून? तिनं स्वतःच्या पायानं जाऊन दिली. मला न विचारता फॉर्म आणला होता. तिनं दिलेलं राखायला मी इथं उभा आहे. तुम्हाला राग आला तर येऊ दे. माझ्या मयताला येऊ नका. पण आत कोणी जायचं नाही.”

अनंता टेम्पोकडे वळला. “चला रं. याचं डोकं फिरलंय.”

माणसं पुटपुटत चढली. टेम्पो गेले. आनंदीबाई मात्र गेली नाही. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला ती मांडी घालून बसली. केसरीनाथने खुर्ची आणून फाटकाबाहेर ठेवली आणि आत मागे सरला.

वरची खिडकी उघडली. मितेशने तोंडावर मास्क लावला होता.

“मावशी!”

ती धडपडत उठली. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, “लघवी बरी व्हते का रं?”

समोरच्या ओट्यावरचे लोक मान वळवून बघायला लागले. मितेश लाजला.

“होते मावशी. दिवसाला अडीच लिटर.”

“कोन मोजतं?”

“बाबा. मापाचं भांडं घेऊन बाथरूमच्या दारात बसतात.”

आनंदीबाईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, कळेना. मग खिडकीकडे बघून, मुलाशी नाही, मुलाच्या आत कोणाशी तरी बोलावं तशी म्हणाली, “ऐकलंस गो जानके? चांगली कामाला लागलीस.” आणि खुर्ची धरून मोठ्याने रडायला लागली.

केसरीनाथचा अनंतावरचा राग तसाच होता. तो राग जाणारही नव्हता. पण आनंदीबाईकडे बघून तो खाकरला.

“रडा, आक्का. पोटभर रडा. फक्त फाटकाच्या पुढे येऊ नका.”